तिउकू काय खाते

रितियार्वी, रविवार, ७ सप्टेंबर १९८६

प्रिय काका,

शेजारच्या याल्मारींकडून किल्ली घेतली आणि गुरुवारपासून तुमच्या घरी राहायला आले. आईबाबा म्हणत होते की कुत्रीलाच गावात आमच्याकडे घेऊन ये. पण पाच वर्षं ती ज्या अंगणात झोपली त्यातून तिला हलवणं मला बरं वाटलं नाही. तुमच्या खुब्याचं हाड सांधेपर्यंत, म्हणजे डॉक्टरांच्या अंदाजानं नाताळपर्यंत, मी इथेच आहे. दुकान सायकलनं वीस मिनिटांवर आहे. काळजी करू नका.

फोनच करणार होते. पण परवा वॉर्डातल्या फोनवर तुम्ही तीनदा ‘कोण?’ विचारलंत आणि चौथ्यांदा ‘चुकीचा नंबर’ म्हणून ठेवून दिलात. म्हणून पत्र.

काल तिउकूला पहिल्यांदा एकटीनं जंगलात नेलं. काका, काय आवाज आहे तिचा! तुम्ही तिचं नाव तिउकू, म्हणजे घंटी, ठेवलंत ते उगाच नाही. कोर्पीवाराच्या उतारावर तिला सशाचा माग लागला आणि तिनं असा सूर धरला की मी बंदूक खांद्यावरून काढायचीच विसरले. नुसत्या कानांनी कळत होतं, आता ती दलदलीत उतरली, आता तोडलेल्या झाडांच्या मोकळ्या जागेवर आली, आता ओढ्याशी क्षणभर चुकली आणि सापडलं. ससा वर्तुळ पुरं करून माझ्यापासून वीस पावलांवरून गेला. मी बघतच राहिले. तिनं मागून येऊन माझ्याकडे जो कटाक्ष टाकला तो तुम्हाला सांगण्यासारखा नाही.

आता प्रश्न. तुम्ही सांगितलेला नियम मी वहीत उतरवून घेतला आहे : ‘संध्याकाळी दोन डाव जवाची लापशी, त्यात शिजवलेली तळ्यातली मासळी. शिकारीच्या दिवशी सकाळी काही नाही. पाणी हवं तेवढं.’ पण स्वयंपाकघरात डाव दोन आहेत. मोठा धरायचा ना? त्यात सहाशे ग्रॅम लापशी मावते, वजन करून पाहिलं. मासळी डोक्यासकट की डोकी काढून?

शिवाय आमच्या दुकानात कुत्र्यांच्या कोरड्या खाण्याची तीन प्रकारची पोती आली आहेत. पिवळ्यात बहुतेक धान्यच आहे. लाल पोतं घरात बसणाऱ्या कुत्र्यांचं. निळ्यावर लिहिलंय, ‘काम करणाऱ्या कुत्र्यांसाठी’. स्निग्धांश शंभरात वीस, प्रथिनं तीस. मी ते उभी राहून वाचत होते तेव्हा आमच्या मालकीण सायमीबाई ओरडल्या, “हिल्पा, पोतं वाचायला ठेवलंय की विकायला?” मी ठरवत काहीच नाही. फक्त विचारते आहे.

तुमची
हिल्पा


कायानी, इस्पितळ, १२ सप्टेंबर

हिल्पा,

डाव मोठा. मासळी डोक्यासकट. आणि तो वजनाचा काटा कपाटात ठेव. कुत्री म्हणजे पोस्टाचं पार्सल नव्हे.

पोत्यातलं खाणं मला सांगू नकोस. माझ्या समोरच्या खाटेवर एक निवृत्त मास्तर आहेत. त्यांच्याकडे पूडल आहे, ते पोत्यातलं खातं. मी विचारलं, “मास्तर, तुमचं पूडल किती पळतं?” म्हणाले, “जिन्यावरून खाली येतं.” झालं.

चौतीस वर्षं मी ससेकुत्री पाळतो आहे आणि चौतीस वर्षं नियम एकच आहे. भरल्या पोटी धावणाऱ्या कुत्र्याच्या पोटाला पीळ पडतो, मी डोळ्यांनी पाहिलंय. म्हणून सकाळी काही नाही. तालुक्यातली निम्मी माणसं माझ्याकडे हे विचारायला यायची. मी लपवून काही ठेवलं नाही, सगळ्यांना सांगितलं.

एक नोव्हेंबरच्या चाचणीसाठी तिचं नाव उन्हाळ्यातच दिलं आहे. तू घेऊन जा. दोन फेऱ्या, ससा उठल्यापासून प्रत्येकी दोन तास. जितकी मिनिटं ती भुंकत मागावर राहील तितके गुण. मला इथून ऐकू येणार नाही याचं तेवढं वाईट वाटतं.

ससा सोडून दिलास हे वाचून मास्तर हसले. मी नाही हसलो. पहिल्या वर्षी मीही दोन सोडले होते. हे याल्मारीला सांगू नकोस.

एवेर्ती काका


रितियार्वी, २८ सप्टेंबर

प्रिय काका,

इकडे सगळं ठीक आहे. बर्चची पानं पिवळी झाली. छपराची गळती बाबांनी बुजवली. तिउकूची तब्येत चांगली आहे, दोन डाव लापशी चाटूनपुसून खाते.

एक विचारायचं होतं, नुसतं माहिती म्हणून. तिनं कधी पाठलाग मध्येच सोडला आहे का? म्हणजे तुमच्याबरोबर असताना?

घाईत आहे, दुकान उघडायचं आहे.

हिल्पा


कायानी, २ ऑक्टोबर

हिल्पा,

अठ्ठावीस तारखेला रविवार होता. रविवारी कुठलं दुकान उघडत होतीस?

लहानपणी छातीच्या आजारानं तुला शाळेत जाता येत नव्हतं, तेव्हा दोन हिवाळे तू माझ्या टेबलाशी बसून शिकलीस. उत्तर चुकलं असेल तर पाटी पालथी ठेवायचीस. अजून तेच करतेस.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर : नाही. कधीच नाही. गेल्या वर्षी पहिल्या बर्फात तिनं एकाच सशाला सव्वातीन तास फिरवलं. शेवटी ससा दमला, मी दमलो, आणि ती म्हणत होती, पुढे काय?

पाठलाग सोडणारं कुत्रं वेगळंच असतं, आणि त्याचं काय होतं हे आपल्याकडे कोणी मोठ्यानं बोलत नाही. तू आता मोठी आहेस म्हणून लिहितो. याल्मारीची हाल्ला तुला आठवत नसेल. माझ्याच घरचं पिल्लू. दोन शरद ऋतू माझ्याबरोबर धावली, मग मी ती त्याला दिली, नियमासकट. त्याच्याकडे गेल्यावर दुसऱ्याच महिन्यात ती माग सोडून परत यायला लागली. त्यानं मला विचारलं, “काय करू?” मी म्हणालो, “असं कुत्रं सुधारत नाही. आणि ते दुसऱ्याला देणं म्हणजे त्याला फसवणं.” त्यानं सौनाच्या, म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या, मागे नेऊन स्वतःच गोळी घातली. आठवडाभर माझ्याशी बोलला नाही. याला अकरा वर्षं झाली.

आता पाटी उलट आणि काय झालं ते सांग.

काका


रितियार्वी, ६ ऑक्टोबर

प्रिय काका,

सांगते. आधी सांगायला हवं होतं. चार पत्रं लिहून फाडली.

वीस सप्टेंबरला मी तिला दलदलीच्या पलीकडे नेलं. पन्नास मिनिटं सुंदर पाठलाग केला, मग एकदम शांतता. मी शेकोटीपाशी कॉफी उकळत होते. पाहते तर तिउकू झाडीतून चालत आली, माझ्या डाव्या बाजूला बसली आणि माझ्याकडे बघत राहिली. मी म्हटलं, “जा, शोध.” ती गेली, पण अर्ध्या तासानं पुन्हा आली. मला वाटलं, मीच आगीजवळ बसले म्हणून तिला तिकडे यावंसं वाटतं.

सत्तावीसला याल्मारी सोबत होते. त्या दिवशी मी मुद्दाम शेकोटी पेटवली नाही. दीड तास ती मागावर होती. नंतर आवाज पातळ झाला आणि बंद पडला. आम्ही शोधत गेलो. ती शेवाळात आडवी पडली होती, काका. पाय थरथरत होते. डोळे उघडे होते पण मला पाहत नव्हते. उठवलं तर मागचे पाय दुमडले. मी तिला उचलून घेतलं. याल्मारींनी थर्मासमधली कॉफी झाकणात ओतली, तिच्यात साखरेचा खडा बुडवून तिच्या जिभेवर ठेवला, मग आणखी एक. पंधरा मिनिटांत ती उठली आणि शेपटी हलवायला लागली.

मी रडत होते. याल्मारी म्हणाले, “पोरी, खरंच दमलेलं कुत्रं पाव तासात नाचत नाही. ही नाटकं आहेत. हाल्लाही अशीच करायची.” मग टोपी काढून पुन्हा घातली आणि म्हणाले, “एवेर्तीला मी सांगणार नाही. तूच सांग.”

मंगळवारी तिला पशुवैद्य हाताया बाईंकडे नेलं. हृदय चांगलं आहे, पायही चांगले आहेत. त्यांनी विचारलं, काय खायला देता? मी वही दाखवली. त्या म्हणाल्या, दिवसभर धावणाऱ्या कुत्र्याचं खरं जळण म्हणजे चरबी. जवाची लापशी आणि ही बिनचरबीची मासळी म्हणजे चुलीत नुसत्या काटक्या घालण्यासारखं आहे : भडकते आणि विझते. रक्तातली साखर संपली की कुत्रं कोसळतं. सकाळी पोटभर न देणं बरोबरच आहे, पण मध्ये थोडं थोडं काहीतरी जायला हवं.

मी म्हटलं, “पण काकांकडे ती एवढंच खाऊन सव्वातीन तास धावायची.”

त्या म्हणाल्या, “मग एक तर तुमच्या काकांचं घड्याळ खोटं, नाहीतर वही.”

मला फार राग आला. तुमचं घड्याळ खोटं नाही. पण वहीही खोटी नाही, मी तुमच्यासमोर उतरवली आहे. तेव्हा एक विनंती आहे. शिकारीचा एक पूर्ण दिवस, तुम्ही उठल्यापासून घरी परत येईपर्यंत, मला लिहून पाठवाल का? काहीही वगळू नका. मी कुठेतरी काहीतरी चुकते आहे.

हिल्पा


कायानी, १० ऑक्टोबर

हिल्पा,

पत्र दोनदा वाचलं. उत्तर द्यायचं नाही असं एक दिवस ठरवलं होतं.

त्या बाईंना सांग, एवेर्ती केम्पाइनेननं आयुष्यात कोणाला खोटा नियम दिला नाही. लापशी, मासळी, पाणी. याशिवाय तिला काही मिळत नव्हतं. तुझ्या वजनकाट्यावर बसून शपथ घ्यायला तयार आहे.

दिवस हवा आहे ना, घे. पाचला उठतो. कॉफी. तिला दार उघडतो, ती अंगणात फेरी मारते. सहाला निघतो, उजाडताना तिला सोडतो. पहिला पाठलाग जमला की तासाभरात वारा नसलेली जागा बघून आग करतो आणि किटली ठेवतो. ससा फिरून येईपर्यंत माणसानं करायचं काय? एका वर्तुळाच्या शेवटी ती डोकावते, येऊन डाव्या बाजूला बसते. मी पुडकं उघडतो. काळ्या पावाचा जाड तुकडा, लोणी, वर खारवलेल्या डुकराच्या चरबीचा बोटभर काप. अर्धा माझा, अर्धा तिचा, हे काय सांगायला हवं. मग ती उठते आणि जिथे सोडलं होतं तिथूनच माग पुन्हा धरते, तासभर गेला तरी. हे करणारी कुत्री मी तीनच पाहिली. दुपारी दुसरी आग, तेव्हा बहुधा मासे आणि चरबी भरून भाजलेला पाव असतो, आतली चरबी तिला फार आवडते. अंधार पडायच्या आधी तिसरी किटली, जे उरलं असेल ते दोघांत. मग घरी. तिला पाणी, तासभर आराम, मग लापशी.

बस. असे माझे दिवस होते. यात तुला काय सापडणार ते मला कळत नाही.

आता माझा निर्णय ऐक. तू तिला उचलून आणलंस, हे मला रोज डोळ्यांसमोर दिसतं. चाचणीत तिनं माग सोडला तर पुढे ओढायचं नाही. याल्मारीला माहीत आहे काय करायचं ते, आणि तो चांगला नेमबाज आहे. त्या वेळी तू तिथे थांबू नकोस. मी तिथे नाही म्हणून हे तुझ्यावर येतंय, त्याची क्षमा कर.

काका


रितियार्वी, १४ ऑक्टोबर

प्रिय काका,

तुमचं पत्र मी टपालपेटीपाशी उभ्यानं वाचलं, मग घरात येऊन बसून वाचलं, मग मोठ्यानं तिउकूला वाचून दाखवलं. रागावू नका. मला सापडलं.

‘अर्धा माझा, अर्धा तिचा, हे काय सांगायला हवं.’

हो काका, तेच सांगायला हवं होतं. मी नियमात नाही ते तिला कधीच दिलं नाही. माझ्या पावाचा तुकडासुद्धा नाही. ती बसून बघायची तेव्हा मी पाठ वळवून खायचे, तिला वाईट सवय लागू नये म्हणून.

मी काल तुमच्यासारखा पाव केला. लोणी लावलं, बोटभर चरबीचा काप ठेवला, मधोमध कापला आणि वजन केलं (काटा कपाटातून काढला, तेवढं माफ करा). मग दुकानातल्या तक्त्यावरून हिशेब मांडला, तीनदा तपासला. दिवसाचे तीन अर्धे मिळून उष्मांक निघतात साधारण पंधराशे. दोन डाव लापशी आणि मासळीचे निघतात अकराशे. म्हणजे शिकारीच्या दिवशी तिचं जेवण घरी नव्हतंच, जंगलात होतं. लापशी नुसती वरून होती. आणि तुम्ही आठवड्यातले चार दिवस जंगलात असायचात.

ती माग सोडत नव्हती. पहिल्या आगीची वेळ झाली की जेवायला येत होती. जेवण मिळालं की परत जायचं, असं ती पाच वर्षं करत आली. मी तिला उपाशी परत पाठवलं आणि दुसऱ्या वेळी तर आगच पेटवली नाही.

हाताया बाईंशी बोलले. त्यांचं म्हणणं असं : निळ्या पोत्यातलं खाणं सुरू करायचं, पण एकदम नाही. पहिले तीन दिवस पाव भाग, मग निम्मं, दहा दिवसांत पूर्ण. नाहीतर पोट बिघडतं. कोमट पाण्यात भिजवून द्यायचं. चरबीवर चालायला शरीराला काही आठवडे लागतात, म्हणून उशीर नको. बरगड्या हाताला लागाव्यात पण डोळ्यांना दिसू नयेत. तिच्या आता दिसतात, मला वाटत होतं धावणाऱ्या कुत्रीच्या अशाच असतात. शिकारीच्या सकाळी तुमचाच नियम, पोटभर काही नाही. आणि प्रत्येक आगीपाशी अर्धा.

पोत्यातलं खाणं तुम्हाला आवडत नाही हे माहीत आहे. पण हातात अडीच आठवडेच आहेत, आणि तुमच्या परवानगीशिवाय मी भांड्यात एक दाणा टाकणार नाही. उलट टपाली कळवा.

तुम्ही कोणाला खोटा नियम दिला नाहीत. तुम्ही जे दिलंत ते जेवण होतं असं तुम्हाला वाटलंच नाही, एवढंच.

हिल्पा


कायानी, १७ ऑक्टोबर

हिल्पा,

निळं दे. दहा दिवसांत पूर्ण, बाई सांगतात तसं.

हिशेब मीही केला, मास्तरांकडून तपासून घेतला. तुझा बरोबर आहे.

हाल्ला दोन शरद माझ्याजवळ जेवली होती. याल्मारीला मी काय नियम दिला आणि मग काय सल्ला दिला, ते तुला माहीत आहे. आज यापुढे लिहवत नाही.

काका


रितियार्वी, रविवार, २ नोव्हेंबर

प्रिय काका,

सगळं पहिल्यापासून लिहिते, नाहीतर तुम्ही म्हणाल शेवट आधी सांगितला.

बर्फ अजून पडलेला नाही, पण ससे पांढरे झाले आहेत. काळ्या जंगलात पांढरे ससे, बिचाऱ्यांची लपायची पंचाईत. सकाळी जमीन कडक होती. परीक्षक दोघं होते, दोघांच्या गळ्यात घड्याळं. जंगलाचे माहीतगार म्हणून याल्मारी. त्यांनी पाठीवर बंदूक घेतली होती. चाचणीत बंदुकीचं काहीच काम नव्हतं. ती का आणली हे मी विचारलं नाही, त्यांनी सांगितलं नाही. मला आदल्या दिवसापासून जेवण गेलं नव्हतं. तिउकूला मात्र गेलं होतं, शंका नको.

आठला सोडली. अकरा मिनिटांत ससा उठवला. त्यानंतर काका, एक तास सत्तावीस मिनिटं अखंड! मोठ्या परीक्षकांनी पेन्सिल कानामागे ठेवली आणि म्हणाले, “बाई, ही श्वास कधी घेते?” दुसरे म्हणाले, “घेत नाही. विकत आणते.” सशानं तिला ओढ्यातून नेलं, रस्त्यावरून नेलं, दगडांच्या राशीवर चढवलं. रस्त्यावर वास टिकत नाही, तिथे ती एकदाच गप्प झाली. मी मिनिटं मोजत होते. सहा मिनिटांनी रस्त्याच्या पलीकडून तोच सूर, जणू वाक्य अर्धं राहिलं होतं ते पुरं करते आहे. पहिली फेरी : एकशे चौदा मिनिटं.

मधल्या सुट्टीत आग केली. ती आली आणि डाव्या बाजूला बसली. मी पुडकं उघडलं. घाईत तुकडे सारखे झाले नाहीत, मोठा तिला दिला. परीक्षकांना विचारून दिला; सुट्टीत द्यायला हरकत नाही म्हणाले. तिनं दोन घासांत संपवला आणि माझ्या तुकड्याकडे पाहिलं. काका, हे तुम्ही शिकवलंत की तिचं तिनं?

दुसरी फेरी एकशे सहा. पहिला क्रमांक. आणि दोन्ही फेऱ्यांनंतरही तिच्या बरगड्या नीट झाकलेल्या, डोळे स्वच्छ, नाक ओलं. पट्टा लावला तर मलाच ओढायला लागली. मी असं काही सुंदर कधी पाहिलं नाही, आणि त्यात माझा भाग म्हणजे फक्त पाव कापण्याचा.

याल्मारी गाडीपर्यंत आमच्याबरोबर आले. मग बंदुकीचा पट्टा सोडत म्हणाले, “महिन्याभरापूर्वी ही शेवाळात पडली होती. काय केलंस?”

मी म्हटलं, “खाणं बदललं.”

“एवेर्तीचा नियम बदललास? त्यानं बदलू दिला?”

मी म्हटलं, “ते तुम्ही काकांनाच विचारा.”

मला तेव्हाच सगळं सांगता आलं असतं. हाल्लाचं नाव ओठांवर होतं. पण ते माझं नाही, तुमच्या दोघांचं आहे, असं वाटलं. हे गप्प बसणं म्हणजे खोटं बोलणं झालं का? कालपासून मनात तेच चाललं आहे. तुम्ही म्हणाल तर उद्या जाऊन सांगते. पण तुम्ही सांगितलंत तर बरं.

हिल्पा


कायानी, शनिवार, १५ नोव्हेंबर

हिल्पा,

एकशे चौदा आणि एकशे सहा हे आकडे वॉर्डात सगळ्यांना पाठ झाले आहेत. नर्सबाई सकाळी माझा ताप बघतात आणि मास्तर ओरडतात, “एकशे चौदा!” तुझं पत्र मी त्यांना मोठ्यानं वाचून दाखवलं, पेन्सिल कानामागे ठेवली तिथपासून. रस्ता ओलांडल्याचं दोनदा वाचायला लावलं.

तिउकू कुठेही जात नाही. ती माझ्या अंगणात म्हातारी होईल. हे लिहून दिलं म्हणजे तू झोपशील.

चौतीस वर्षं मी कुत्री पाळली. ती काय खातात हे मला तू सहा आठवड्यांत सांगितलंस. मी शंभर जणांना नियम दिला आणि एकानंही असं विचारलं नाही, की दिवस कसा जातो ते लिहा, काहीही वगळू नका. तुझ्या बारीकपणावर मी आजवर पुष्कळ हसलो. आता हसणार नाही. फार तर काट्यावर हसेन.

तू गप्प राहिलीस ते योग्य केलंस. सल्ला मी तोंडानं दिला होता, परतही तोंडानंच घ्यायला हवा. याल्मारीला निरोप धाडला. बुधवारी तो आला, सुटात. त्याला वाटलं मी मरतो आहे.

मी सांगितलं. सगळं, एका दमात, नाहीतर जमलं नसतं. आगीचं सांगितलं, पुडक्याचं सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, “किती द्यायचास?”

“अर्धा. नेहमीच अर्धा.”

“मला का नाही सांगितलंस?”

“ते खाणं आहे हे मलाच माहीत नव्हतं, याल्मारी.”

तो खिडकीबाहेर बघत राहिला. मास्तरांनी पांघरूण डोक्यावर ओढून घेतलं, भला माणूस. मग याल्मारी म्हणाला, “ती परत येऊन माझ्या बुटावर हनुवटी ठेवायची. मला वाटायचं, माफी मागते आहे.”

तो उठला, टोपी घातली. मी हात पुढे केला. त्यानं पाहिला नाही, किंवा पाहिला आणि धरला नाही. दारापर्यंत गेला, तिथे थांबला. वळला नाही. दाराला उद्देशून म्हणाला, “शनिवारी बस साडेअकराला येते ना इथे?”

मी म्हणालो, येते.

आज शनिवार. दाढी केली आहे. कुबड्या घेऊन एकटा खिडकीपर्यंत आलो आहे, हे नर्सबाईंना माहीत नाही. बाहेर रात्रीपासून बर्फ पडतो आहे, आणि वळणावर बस दिसते आहे. पत्र इथेच थांबवतो.

काका